मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भिवंडीत भरली तर...

भिवंडीत आज संगणक नसलेली पेढी शोधावी लागेल. सूत किती आले, सायझिंगला बीम किती गेले, ग्रे कापडाचे ताके कोणत्या व्यापाऱ्याकडे पोहोचले आणि कोणाकडे पैसे अडकले, हा सारा हिशेब लाल वहीतून उठून पडद्यावर आला आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून तर संगणकावाचून विवरणपत्रही भरता येत नाही. मानकोली, पूर्णा, राहनाळ या बाजूच्या गोदामांत माल आत येतो आणि बाहेर जातो, तोही संगणकाच्या नोंदीनेच.

हा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते कोणाचे, हे मात्र आपले व्यापारी बांधव सहसा विचारत नाहीत. एकतर ते दरवर्षी रक्कम भरून घेतलेले असते, नाहीतर संगणक बसविणाऱ्याने कुठून तरी नक्कल करून टाकून दिलेले असते. या दुसऱ्या प्रकाराला बाजारात कोणी चोरी म्हणत नाही, पण कायदा म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, नक्कल बेकायदा आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवस ते जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्याच्या फायद्यासाठी वापर झाला नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकते. म्हणजे पेढीवाल्याला ती सूट मागता येणे कठीण!

यावर तिसरा मार्ग आहे. त्याला मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्या कारखानदारांना ते लूमच्या उदाहरणाने चटकन समजेल. समजा, एखाद्याने तुम्हाला लूम विकला आणि अट घातली की याचे झाकण उघडायचे नाही, मिस्त्रीने हात लावायचा नाही, बिघडला तर आमचाच माणूस येईल आणि दरवर्षी भाडे द्यायचे. असा लूम भिवंडीत कोणी घेणार नाही. सॉफ्टवेअर मात्र आपण असेच घेतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे झाकण उघडे असलेला लूम. त्याची रचना कोणालाही पाहता येते, दुरुस्त करता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते आणि शेजाऱ्याला देताही येते. या सर्वाला त्याच्या परवान्यातच लेखी मुभा असते. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स, हजारो संकेतस्थळे ज्यावर उभी आहेत ते वर्डप्रेस, पत्रे व तक्ते करण्याचे लिब्रेऑफिस ही त्याची उदाहरणे. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या कारागिरांसाठी ‘इंक/स्टिच’ नावाचे एक साधन आहे. नक्षी काढून ती मशीनच्या फाइलमध्ये उतरविण्याचे काम ते करते, आणि तेही याच जातीचे आहे. उर्दूच्या नस्तालिक लिपीचा ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा टाइपही मुक्त परवान्याचा आहे.

मुक्त म्हणजे फुकट, असा समज मात्र करून घेऊ नये. ते बसवायला, शिकवायला आणि सांभाळायला माणूस लागतो व त्याची मजुरी द्यावीच लागते. फरक इतकाच की ती मजुरी कोणाला द्यायची हे तुम्ही ठरविता. आज एकाचे काम पसंत नाही पडले तर उद्या दुसरा माणूस लावता येतो, कारण झाकण उघडेच आहे.

हे सॉफ्टवेअर घडविणारे लोक जगभर विखुरलेले असतात. काही जण कंपन्यांचे पगारी नोकर असतात, काही विद्यार्थी, काही रात्री घरी बसून हौसेने काम करणारे. एकमेकांचे काम ते वर्षानुवर्षे तपासतात, पण तोंड पाहिलेले नसते. म्हणून अधूनमधून एका शहरात ही मंडळी जमतात. भाषणे होतात, पण खरा व्यवहार भाषणांच्या बाहेर होतो. दोघे-तिघे एका टेबलाशी बसून महिनोन्महिने अडलेले काम दुपारभरात मोकळे करतात, नवख्या मुलाला कोणी हाताशी धरून पहिली दुरुस्ती करवून घेतो. आपल्याकडे व्यापाराची ओळख जशी चहाच्या टेबलावर पक्की होते, तसेच हे. आणि असा मेळा ज्या गावात भरतो, त्या गावची मुले या बिरादरीत सर्वांत आधी शिरतात.

पुण्याचे मेळे

महाराष्ट्रात असे मेळे सर्वांत जास्त पाहिले ते पुण्याने. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३ पासून बरीच वर्षे ‘ग्नूनिफाय’ नावाची परिषद भरत असे. पुण्यातील लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आणि संस्थेचे विद्यार्थी मिळून ती चालवीत. सप्टेंबर २०११ मध्ये पायथन या संगणकभाषेची अखिल भारतीय परिषदही पुण्यात झाली. परंतु यजमानपद म्हणजे काय ते समजून घ्यायचे तर ‘फडकॉन’चे उदाहरण अधिक उपयोगी आहे.

फेडोरा ही लिनक्सची एक आवृत्ती. तिच्या पाठीशी रेड हॅट ही कंपनी, जिचे पुण्यात मोठे केंद्र आहे. फेडोरा वापरणारे आणि घडविणारे यांच्या परिषदेला फडकॉन म्हणत. ती पुण्यात दोनदा भरली. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या दिवसांत १८५४ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे ‘सीओईपी’मध्ये, आणि २६ ते २८ जून २०१५ या दिवसांत एमआयटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. २०१५ ची परिषद आशिया-पॅसिफिक विभागाची होती. त्यानंतरची, २०१६ ची, कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहराने भरविली.

शहर निवडण्याची रीत टेंडरसारखी असते. स्थानिक गट अर्ज करतो. सभागृह कोणते, विमानतळ किती दूर, राहण्याचा दर काय, जेवण कसे, खर्चाचा अंदाज किती, स्थानिक कार्यकर्ते किती, हे सारे त्यात मांडावे लागते, आणि हा अर्ज सर्वांना वाचायला खुला असतो. बैठकांची टिपणे जाहीर ठेवण्याचीही फेडोरात रीत आहे. आपल्या कित्येक संस्थांचा वार्षिक हिशेब सभासदांनाही वेळेवर पाहायला मिळत नाही, त्यांनी ही रीत जरूर पाहावी.

पुण्याला यजमानपद मिळाले त्यामागे महाविद्यालये होती, कंपनी होती, आणि मराठीत काम करणारी माणसेही होती. ‘लोहित’ हा मुक्त देवनागरी टाइप घ्या. लोहितचे मूळ टाइप पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केले. श्री-लिपी बनविणारी तीच ही कंपनी. पुढे रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कित्येकांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे हाच टाइप होता. असे काम आधीपासून चाललेले असले की परिषद त्या गावाकडे आपसूक वळते.

आता वरच्या तारखा पुन्हा पाहा. २०११ ची परिषद रविवारी, ६ नोव्हेंबरला संपली, आणि ७ नोव्हेंबरला बकरी ईद होती. २०१५ ची परिषद २६ जूनला सुरू झाली तेव्हा रमजानचा दुसरा आठवडा चालू होता. यात कोणाचा वाईट हेतू होता असे मुळीच नाही. सभागृह कधी मोकळे आहे, विद्यार्थ्यांच्या परीक्षा कधी आहेत, पाहुण्यांची विमाने कधीची मिळतात, या हिशेबाने तारखा ठरतात. पण ईदच्या आदल्या दिवशी भिवंडीचा मुलगा पुण्याला जाऊन तीन दिवस राहील काय? त्या दिवसांत घरी बकऱ्याची देखभाल, दुकानात सणाची गिऱ्हाइके, आणि वडिलांचा एकच सवाल: ‘आत्ताच जायला हवे का?’

तारीख यजमान ठरवितो. जुम्याच्या दुपारी कार्यक्रमाला किती सुटी ठेवायची, जेवण कुठले, संध्याकाळी किती वाजता संपवायचे, भाषणे इंग्रजीत की मराठी-उर्दूतही, हे यजमानच ठरवितो. भिवंडीच्या मुलींचेच पाहा. येथे मुलींचे महाविद्यालय आहे, संगणक शिकणाऱ्या मुलींची संख्या लहान नाही. पुण्यात तीन रात्री राहण्याची परवानगी त्यांपैकी अनेकींना घरून मिळत नाही. तीच परिषद आपल्या गावात सकाळी दहाला सुरू होऊन पाचला संपणार असेल, तर आईवडिलांचा प्रश्नच वेगळा होतो. पाहुणा कितीही गुणी असला तरी घरातील दिवाणखाना कसा मांडायचा हे त्याच्या हाती नसते. आपली मुले या क्षेत्रात आजवर बहुतेक पाहुणी म्हणूनच गेली आहेत, असे आमचे मत आहे.

यजमानाच्या खांद्यावरचे ओझे

हे काम गंमत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. परदेशी पाहुणे बोलवायचे तर भारतात साध्या पर्यटक व्हिसावर भागत नाही. आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी वेगळा कॉन्फरन्स व्हिसा असतो, त्यासाठी यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र आणि सरकारी मंजुरी लागते. ही मंजुरी महिनोन्महिने आधी मागावी. पाहुणा हॉटेलात किंवा घरी उतरला की त्याची नोंद चोवीस तासांत द्यावी लागते. लॉजवाल्यांना हे ठाऊक असते, घरमालकांना बहुधा नसते. परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच हवी. म्हणून नवख्या गटाने पैशाचा व्यवहार जुन्या, नोंदणीकृत आणि लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थेमार्फत करावा हे उत्तम.

इंटरनेट ही दुसरी डोकेदुखी. दोनशे माणसे आपापला संगणक उघडून एकाच वेळी बसली की घरगुती जोडणी कोलमडते. बीम तुटला तर लूम थांबतो, तसे येथे जोडणी तुटली की परिषद थांबते. वीज गेल्यास जनरेटर हवा, आणि प्रत्येक टेबलाजवळ प्लग हवा. सभागृह पाहायला जाताना खुर्च्या नंतर मोजा, आधी प्लग मोजा!

पैसा येतो तो मुख्यतः कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून. वर्डप्रेसच्या ‘वर्डकॅम्प’ मेळ्यांची रीत अशी की तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवायचे, बाकी खर्च प्रायोजकांकडून भागवायचा, आणि आयोजक व वक्ते यांनी मोबदला घ्यायचा नाही. असे मेळे मुंबई-पुण्यात झाले आहेत, आणि २०२६ च्या ‘वर्डकॅम्प एशिया’साठी तर मुंबईचीच निवड झाली. प्रायोजकाचा चेक मात्र पुष्कळदा परिषद होऊन गेल्यावर हाती पडतो आणि मंडपवाला, आचारी आधी पैसे मागतात. हा खेळता पैसा महिना-दोन महिने कोणी तरी घालावा लागतो. उधारीवर धंदा करणाऱ्या भिवंडीला हे निराळे समजावून सांगायला नको.

लहान गावाला हे झेपेल का, असे कोणी विचारील. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली लिनक्सची आवृत्ती. तिची जागतिक परिषद दरवर्षी नव्या देशात भरते. २०२२ च्या जुलैत ती कोसोव्होच्या प्रिझरेन या गावात भरली. उस्मानी काळातील मशिदी, दगडी पूल आणि अरुंद गल्ल्या असलेले, बहुसंख्य मुस्लिम वस्तीचे हे गाव. राजधानी प्रिस्टिना सोडून परिषद तेथे गेली. जर्मन सैन्याची जुनी छावणी आता तंत्रशिक्षण व उद्योगाचे केंद्र झाली आहे, तेथे ३८ देशांतील २६० हून अधिक लोक जमले. हे एका रात्रीत झाले नाही. कोसोव्होतील मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी २००९ पासून आपल्या देशात स्वतःची वेगळी परिषद भरविण्याचा परिपाठ ठेवला होता.

पुढच्याच वर्षी, १० ते १७ सप्टेंबर २०२३ या आठवड्यात, हीच परिषद केरळात कोचीला झाली. ३५ देशांतून ४७४ लोक आले. या परिषदेची एक आठवण दुःखाची आहे. १३ तारखेला, सहलीच्या दिवशी, कयाक नावेतून गेलेल्या एका तरुण भारतीय कार्यकर्त्याचा मृत्यू झाला. यजमानाची जबाबदारी सभागृहाच्या दारापाशी संपत नाही. सहल, रात्रीचा प्रवास, दवाखाना, विमा यांचा विचार आधी करावा लागतो, आणि तो कागदावर लिहून ठेवावा लागतो.

फर्निचरच्या कारखान्यातून निघालेले सॉफ्टवेअर

या साऱ्याचा कारखानदाराला थेट लाभ काय, याचे उत्तर मुंबईतच आहे. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचर बनविण्याचा धंदा. कारखान्याचा माल, ऑर्डर, खरेदी, हिशेब हे सारे एका सॉफ्टवेअरखाली आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. बाजारात मिळणारे तयार सॉफ्टवेअर तेथे नीट बसेना. शेवटी त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ तयार झाले आणि २००८ मध्ये कंपनी निघाली. तिचे आजचे नाव फ्रॅपे. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली दिले, म्हणून ते देशोदेशींच्या छोट्या कारखानदारांकडे पोहोचले आणि त्यात भर घालणारे हातही देशोदेशीचे झाले. २०१४ मध्ये त्यांची पहिली परिषद मुंबईत भरली. जीएसटीची बिले व विवरणे यांसाठीची भारतीय जोडणीही मुक्तच आहे.

अशा परिषदेत केवळ संगणकवाले नसतात. कारखानदार येतात, त्यांचे लेखनिक येतात, बसवून देणारे आणि शिकविणारे येतात. तक्रार करणारा आणि दुरुस्त करणारा समोरासमोर बसतो. भिवंडीच्या धंद्याची रीत फर्निचरपेक्षा निराळी. सूत व्यापाऱ्याचे, लूम कारखानदाराचा, मजुरी पिकाच्या हिशेबाने, आणि तयार कापड परत व्यापाऱ्याकडे. जॉब वर्कची ही साखळी सॉफ्टवेअरमध्ये नीट बसवायची तर ती ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे अशा माणसाने बसविली पाहिजे. तो माणूस बंगलोरला जन्मण्याची शक्यता कमी आहे.

भिवंडीकडे काय आहे?

सभागृहे आहेत, शादीचे हॉल आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत. पाचशे माणसांचे जेवण वेळेवर वाढणारे आचारी तर असे आहेत की पुणेकरांनी येऊन शिकावे. मुंबईचे विमानतळ मोटारीच्या टप्प्यात आहे. रस्त्यावरची वाहतूक किती वेळ खाईल ते मात्र देवच जाणे. ठाणे-कल्याणहून यावे तरी पाहुण्यांसाठी बसची सोय करावी लागेल. परिषदेत प्रत्येकाला टी-शर्ट देण्याची प्रथा आहे. तो तिरुपूरचाच येईल, कारण होजियरीचे काम आपल्या लूमवर होत नाही. पण त्यासोबत जी कापडी थैली देतात, ती भिवंडीच्या कापडाची का नसावी? पाहुण्यांना एखादा कारखाना दाखवावा, ही आणखी एक सोय. जगातील पहिल्या संगणकांच्या भोकांच्या कार्डांची कल्पना विणकामाच्या जॅकार्ड मागावरून आली होती. धोट्याच्या आवाजात उभे राहून ते ऐकण्यात या मंडळींना मजा वाटेल.

जे कमी आहे ते सर्वांत महत्त्वाचे. दर्गा असला तर उरूस भरतो, नुसत्या मंडपाने नाही. मुक्त सॉफ्टवेअरला प्रत्यक्ष हातभार लावलेली दहा-वीस माणसे गावात असली, तरच बाहेरचे लोक येतील. हातभार म्हणजे मोठी विद्या लागते असे नाही. लिब्रेऑफिसची मराठी वाक्ये तपासणे, उर्दूतील चुका दुरुस्त करणे, सॉफ्टवेअर कुठे अडते ते नेमके लिहून कळविणे, एम्ब्रॉयडरीच्या कारागिराने इंक/स्टिचवर नक्षी करून मशीनवर टाका कुठे तुटतो ते सांगणे, हे सारे मोजले जाते आणि नावावर नोंदले जाते. ही नोंद जगात कोणालाही पाहता येते. नोकरी मागायला गेलेल्या मुलाला ओळखीच्या चिठ्ठीपेक्षा ती अधिक उपयोगी पडते, कारण ती लिहिणारा मामा-काका नसतो.

सुरुवात एका दिवसाच्या मेळाव्याने करता येईल. साधारणतः सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ साजरा होतो. २००४ पासून ही प्रथा आहे आणि कोणत्याही गावाला त्यात भाग घेता येतो. एका महाविद्यालयाची संगणकशाळा, शंभर माणसांचा चहा-नाश्ता, पुण्या-मुंबईहून चार जाणकार, इतके पुरे आहे. खर्च एका बेताच्या वलिम्याहून अधिक होऊ नये. सकाळी मुलामुलींनी भाषांतराचे काम करावे, दुपारी कारखानदारांनी आपला जुना संगणक आणावा आणि त्यावर लिनक्स व हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर बसवून न्यावे. जुन्या हिशेबाची प्रत आधी काढून ठेवावी, म्हणजे पुढे भांडण नको. आलेल्या प्रत्येकाचे नाव, त्याने काय काम केले आणि कितीचा खर्च झाला, हे त्याच रात्री लिहून दाराशी लावावे. तारीख ठरविताना ईद-रमजानचे कॅलेंडर पाहावे, तसेच गणपती-नवरात्रही पाहावे, कारण सप्टेंबरच्या शनिवारी गणपतीची मिरवणूक असली तर पुण्याचे पाहुणे येणार नाहीत, आणि रस्ताही मिळणार नाही.